वेगाची हौस आणि वहीचा हिशेब
मर्यादित पैशात जुनी वेगवान मोटार निवडताना

व्यापाऱ्याच्या घरी मोटार घ्यावयाची म्हटली म्हणजे दोनच प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे : माणसे किती बसतील आणि पेट्रोल किती लागेल? तिसरा प्रश्न, म्हणजे ती चालविताना आनंद किती होईल हा, वडीलधाऱ्यांसमोर उच्चारण्याची सोय नसते. तथापि अलीकडे आपल्या पेठांतून, विशेषतः ज्या घरांत दुकानाची गादी हळूहळू पुढच्या पिढीकडे येत आहे अशा घरांत, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. तरुणास वेगवान गाडी हवी असते. नव्या गाडीची किंमत वडिलांस मान्य नसते. आणि मग ‘जुनी पाहू या’ या तडजोडीवर दोन्ही पक्ष येऊन थांबतात. वाद मिटतो खरा, पण धोका तेथूनच सुरू होतो. कारण साधी जुनी गाडी घेताना चूक झाली तर मनस्ताप होतो. वेगवान जुनी गाडी घेताना चूक झाली तर पैसा जातो, आणि कधी कधी पैशाहून मोलाचे काही जाते.

आम्हांस ही हौस निषिद्ध वाटत नाही. मात्र जो माणूस गुळाची ढेप फोडून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही, त्याने चार-पाच लाखांची गाडी नुसत्या रंगावर भुलून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. माल पारखण्याची जी दृष्टी आपणांस पिढ्यान्‌पिढ्या लाभली आहे तीच येथे लावावयाची आहे.

स्पोर्ट्स कार कशास म्हणावे?

शास्त्रशुद्ध अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे ठेंगणी, हलकी, बहुधा दोनच माणसांची आणि चालकाच्या सुखासाठीच बांधलेली गाडी. जगात या जातीचा आजचा आदर्श म्हणून जपानच्या माझ्दा कंपनीच्या एम.एक्स.-५ या गाडीकडे बोट दाखवितात. १९८९ साली ती प्रथम लोकांपुढे आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. इंग्लंड-अमेरिकेत बेताच्या पैशात जुनी स्पोर्ट्स कार शोधणारा मनुष्य प्रथम तिच्याकडेच वळतो. पण ती आपल्या देशात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. बाहेरून जुनी गाडी आणावी म्हटले तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, चाक उजव्या हातास असावे, अशा अटी आहेत आणि वर जकात जबर आहे. तेव्हा तो मार्ग सामान्य व्यापाऱ्याचा नव्हे.

आपल्याकडेही एक प्रयत्न झाला होता, आणि तो आपल्या शेजारी गोव्यातच. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची छोटी गाडी तयार होत असे. तिला रेनॉ कंपनीचे ११४९ सी.सी.चे एंजिन होते. रूप स्पोर्ट्स कारचे, पण ताकद बेताची. एखादी क्वचित विक्रीस येते. तिला हौशी संग्राहकाची वस्तू समजावे, रोजच्या उपयोगाची नव्हे.

याचा अर्थ असा की, आपल्या देशात मर्यादित पैशात ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे व्यवहारतः वेगवान हॅचबॅक. दिसावयास घरगुती, मागे दोन-तीन माणसे बसण्याची सोय असलेली, परंतु एंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शन सामान्य गाडीहून सरस असलेली. आमच्या मते हे दुर्दैव नसून सोयच आहे. आईसाहेबांना लग्नकार्यास नेता येत नाही अशी गाडी घरात वर्षभर टिकत नाही.

पाहण्याजोग्या गाड्या

योगायोग असा की, या वर्गातील उल्लेखनीय गाड्यांपैकी बऱ्याच महाराष्ट्राच्या भूमीवर तयार झाल्या.

सर्वांत परिचित ती फोक्सवागनची पोलो. पुण्याजवळ चाकण येथे २००९ च्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू झाले व २०२२ मध्ये थांबले. २०१३ साली तिची ‘जी.टी. टी.एस.आय.’ ही आवृत्ती आली : एंजिन फक्त ११९७ सी.सी., पण टर्बोच्या साहाय्याने ताकद १०५ पी.एस.; सोबत सात गतींचा, दोन क्लचांचा स्वयंचलित गिअरबॉक्स. हमरस्त्यावर ही गाडी पुढच्या ट्रकला मागे टाकते ती चालकास आपण काही विशेष केले असे न वाटू देता. दोष एकच, पण मोठा : हा गिअरबॉक्स नाजूक आहे. त्याचे क्लच कोरडे असतात, आणि गर्दीत कासवगतीने सतत चालविल्यास लवकर झिजतात. त्याचे नियंत्रण करणारा ‘मेकॅट्रॉनिक’ हा भाग बिघडल्यास येणारे बिल पाहून भला माणूस गाडी तेथेच सोडून यावयाचा विचार करतो. २०२० मध्ये एक लिटरचे, ११० पी.एस.चे एंजिन आले आणि त्याबरोबर हाताने टाकावयाचे सहा गिअर व साध्या पद्धतीचा स्वयंचलित गिअरबॉक्स असे दोन पर्याय मिळाले. पैसे थोडे अधिक जातील, पण मन:शांतीच्या दृष्टीने आम्ही हिलाच, त्यातही हाताच्या गिअरच्या गाडीला, पहिला क्रमांक देऊ.

दुसरी पुण्याजवळच रांजणगावात तयार झालेली अबार्थ पुंटो. २०१५ च्या ऑक्टोबरात ती दहा लाखांच्या आतबाहेर किमतीस आली. १३६८ सी.सी.चे टर्बो एंजिन, ताकद १४५ अश्वशक्ती, चारी चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळी या किमतीत एवढी ताकद दुसऱ्या कोणाकडे नव्हती. चालविण्यास मोठी मर्दानी गाडी. परंतु फियाटने यानंतर थोड्याच वर्षांत या देशातून आपल्या नावाच्या मोटारी काढून घेतल्या. त्यामुळे एंजिनाचे काम जाणणारा मिस्त्री आणि पत्र्याचे सुटे भाग, दोन्ही शोधावे लागतात. ही गाडी घेण्यापूर्वी मिस्त्री आधी ठरवावा, गाडी नंतर.

तिसरी, ज्यांची थैली फारच लहान आहे त्यांच्यासाठी, फियाटचीच जुनी पालिओ १.६. २००१ साली मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. ताकद १०० अश्वशक्ती, टर्बो नाही, फारशी विजेची गुंतागुंत नाही. साधा जाणता मिस्त्रीही तिला हाताळू शकतो. पण आता तिचे वय वीस वर्षांपुढे गेले आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले व वीस वर्षांवरील गाड्यांसाठी त्यानंतर आणखी वाढले. घेताना हे ध्यानात असावे.

याखेरीज फोर्डची फिएस्टा १.६ एस आहे, मारुतीची २०१७ साली आलेली बलेनो आर.एस. आहे. बलेनोत थरार कमी, परंतु मारुतीचा मिस्त्री निपाणीपासून इंदूरपर्यंत कोठेही सापडतो, हा गुण कमी लेखू नये. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जुळणी झालेली पहिली स्कोडा ऑक्टेव्हिया आर.एस. ही १.८ लिटर टर्बोची, १५० पी.एस.ची गाडी अजून जाणकारांच्या जिभेवर आहे. पण आता ती जिव्हाळ्याने जपणाऱ्याच्या हातचीच घ्यावी, वाटेल त्याच्या हातची नव्हे.

स्वस्तातली महागाई

येथे एका मोहाविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. बाजारात कधी कधी एखादी जर्मन बनावटीची, दोन आसनांची, बारा-पंधरा वर्षांची गाडी नव्या हॅचबॅकच्या भावात दिसते. मूळ किंमत चाळीस-पन्नास लाख, आता मागणी दहा-बारा लाख! तरुण मन म्हणते, चार आण्यांत रुपया मिळाला. व्यापाऱ्याने येथे एक सूत्र पाठ करावे : गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पन्नास लाखांच्या गाडीचा ब्रेक, तिचा टप उघडमीट करणारी यंत्रणा, तिचे सस्पेन्शन हे सर्व पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळते. म्हणून विकणाऱ्याने ती विकावयास काढलेली असते. अशा गाडीचा मालक तिची किंमत एकदा देतो आणि तिचे मूल्य दरवर्षी देत राहतो.

पैशाची वाटणी

समजा, जवळ पाच लाख रुपये आहेत. मग पाच लाखांची गाडी पाहू नये. चार लाखांची पहावी. उरलेल्या एका लाखात नावांतर, विमा, सर्व तेले व फिल्टर, ब्रेकचे पॅड, टायर आणि ज्या एंजिनाला टायमिंग बेल्ट आहे त्याचा नवा पट्टा हे सारे बसवावे. अबार्थच्या एंजिनाला असा पट्टा आहे. तो कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे. चालत्या गाडीत तुटला तर एंजिनाच्या आतल्या भागांची मोडतोड होण्याचा धोका असतो. या एक लाखातले वर्षाअखेर काही उरले तर तो नफा समजावा.

विम्याचाही हिशेब करावा. तृतीय पक्षाच्या विम्याचे दर एंजिनाच्या आकाराप्रमाणे तीन टप्प्यांत असतात. २०२२ च्या जूनपासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारीस १००० सी.सी.पर्यंत २०९४ रुपये, १५०० सी.सी.पर्यंत ३४१६ रुपये आणि त्यापुढे ७८९७ रुपये असे वार्षिक दर होते. म्हणजे लहान टर्बो एंजिनाची पोलो मधल्या वा खालच्या टप्प्यात बसते, १.६ लिटरची जुनी पालिओ, किमतीने चौथाई असूनही, वरच्या टप्प्यात जाते. शिवाय विकणाऱ्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

माल हातात घेऊन पाहणे

गाडी पाहावयास सकाळी, उजेडात आणि न कळविता थोडे आधी जावे. बॉनेटवर हात ठेवावा. एंजिन आधीच गरम केलेले असेल तर प्रेमाने निरोप घेऊन दुसऱ्या दिवशी यावे. गार एंजिन सुरू होतानाच खरे बोलते. धूर निळसर असेल तर एंजिन तेल खात आहे. पांढरा व रेंगाळणारा, गोडसर वासाचा असेल तर कूलंट आत झिरपत आहे. काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. हिवाळ्यात सकाळी क्षणभर दिसणाऱ्या वाफेने मात्र घाबरू नये.

मग अंग पहावे. पत्र्यांमधील फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय? बॉनेट व दारे यांच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत काय? एका दाराचा रंग दुसऱ्याहून किंचित वेगळा दिसतो काय? लहानसहान डेंटिंग-पेंटिंग सर्वच गाड्यांना होते. पण पुढची चासी वाकून सरळ केलेली असेल तर ती गाडी वेगात सरळ धावेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारी टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने गाडीवर किती प्रेम केले ते समजते.

मीटरवरील किलोमीटर हा विकणाऱ्याचा शब्द समजावा, पुरावा नव्हे. चाळीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे कातडे चकचकीत आणि चालकाच्या आसनाची कड फाटलेली असेल तर वही एक सांगते आणि माल दुसरे सांगतो. अशा वेळी मालावर विश्वास ठेवावा, आणि कंपनीच्या वर्कशॉपमधील सर्व्हिसच्या नोंदी मागवाव्यात.

आपल्या भागातील लोकांनी पुराच्या गाडीपासून विशेष सावध असावे. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूर, सांगली व बेळगाव या जिल्ह्यांत आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेच्या काठी काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २०१५ व २०२३ च्या डिसेंबरांत चेन्नईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या सुकवून, सजवून दूरच्या गावी विकल्या जातात. डिकीतील स्टेपनीच्या खळग्यात गाळाची रेघ, आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाशी दिसणारा मातकट डाग आणि सुगंधी अत्तराखाली दडलेला कुबट वास, यांपैकी एकही खूण दिसली तर भाव विचारू नये.

वेगवान गाडीत आणखी एक छुपा रोग असतो. पूर्वीच्या हौशी मालकाने एंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढविलेली असते. त्यास ‘ट्यून’ किंवा ‘रीमॅप’ म्हणतात. विकताना तो हे भूषण म्हणून सांगतो. आमच्या मते ते दूषण आहे. क्लच, टर्बो व गिअरबॉक्स यांनी न ठरलेले ओझे वाहिलेले असते. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखानदाराने ठरविलेल्या स्वरूपात मनास येईल तसा बदल करण्यास मनाई आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच बोट दाखवू शकते. बदल न केलेली, किंचित कंटाळवाणी दिसणारी गाडीच घ्यावी.

अखेरीस गाडी चालवून पहावी, आणि गर्दीत, चढावर व मोकळ्या रस्त्यावर अशी तिन्ही ठिकाणी. दोन क्लचांची पोलो असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संथ चालविताना धक्के बसतात काय, रिव्हर्स टाकल्यावर ती विचार करीत बसते काय, हे पहावे. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूस ओढते काय? आणि मालकाच्या ओळखीचा नव्हे, आपल्या ओळखीचा मिस्त्री ती लिफ्टवर चढवून पाहो. त्याला द्यावे लागणारे हजार-दोन हजार हे या सौद्यातील सर्वांत फायद्याचे पैसे होत. २०२३ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांच्या बाबतीत, आता सर्वत्र मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, इंधनाच्या नळ्या व रबरी सील मुद्दाम तपासून घ्यावेत.

कागद आणि सीमा

आपण सीमेवरचे लोक. गाडी कोल्हापूरची, मालक गोव्याचा, घेणारा बेळगावचा, हे आपल्याकडे नित्याचे. पण परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर नवीन नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. पणजीत पन्नास हजारांनी स्वस्त पडलेली गाडी येथे येईपर्यंत महाग होऊ शकते. म्हणून विसार देण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयातून कराचा आकडा काढून घ्यावा, आणि मूळ कार्यालयाचा ‘ना हरकत’ दाखला, म्हणजे २८ क्रमांकाचा फॉर्म, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नावांतरासाठी २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म, गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा ३५ क्रमांकाचा फॉर्म, थकलेले चलान, आणि आर.सी.वरील चासी-एंजिन क्रमांक प्रत्यक्षाशी जुळतात की नाही, हे सर्व स्वतः पहावे. विम्याच्या हस्तांतरासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा.

विकणाऱ्यानेही सावध असावे. ‘चावी दिली, काम झाले’ असे समजून कागद तसेच ठेवणारे बंधू आपल्यात पुष्कळ आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, सरकारी दप्तरात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक.

गाडी पेढीच्या नावावर असेल तर आणखी एक गोष्ट आहे. २०२५ च्या जानेवारीपासून जी.एस.टी.त नोंदलेल्या व्यापाऱ्याने जुनी गाडी विकल्यास फरकावर अठरा टक्के कर आहे. घसारा घेतलेला असेल तर फरक म्हणजे विक्रीची किंमत वजा वहीतील घसाऱ्यानंतरची किंमत. वहीत २ लाख ४० हजार आणि विक्री ३ लाख १० हजारांस, तर फरक ७० हजार व कर १२ हजार ६००. तोटा झाला तर कर नाही. ही रक्कम कोणी सोसावयाची ते सौद्यापूर्वीच बोलून घ्यावे.

शेवटचा विचार

घेतलेली गाडी वापरावी कशी, हाही निवडीचाच भाग आहे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीस ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा दोनशेचा वेग दाखविणारे मीटर हा शोभेचा दागिना आहे. अशा गाडीचा खरा आनंद वेगाच्या आकड्यात नाही. पावसाळा सरल्यावर चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात, सकाळच्या शांत वेळी, पन्नासच्या वेगानेच, वळणामागून वळण ती ज्या इमानाने घेते त्यात तो आहे. तो आनंद शंभर अश्वशक्तीतही पुरेपूर मिळतो. म्हणूनच आम्ही ताकदीपेक्षा ब्रेक आणि टायर यांवर अधिक खर्च करा असे सांगतो.

घरातील अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती चावी जाऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. पण कायद्याचे भय हे दुय्यम कारण होय. मुख्य कारण प्रत्येक आईला ठाऊक आहे.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, मुलाच्या हौशीस नुसता नकार देऊ नका. त्याच्याबरोबर गाडी पाहावयास जा. भाव करण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही आणि यंत्राची पारख त्याला तुमच्याहून अधिक आहे. दोघांनी मिळून केलेला सौदा सहसा फसत नाही. आणि तरुण बंधूंस एवढेच की, जी गाडी सोडून देण्याची तुमची तयारी आहे तिचाच भाव तुम्हांस नीट करता येईल. दहा गाड्या पहा, नऊ सोडा. बाजारात गाड्यांचा तुटवडा नाही. घाई मात्र फार महाग पडते.

आमच्या वाचकांपैकी जे या मार्गाने जातील त्यांचा सौदा किफायतीचा होवो आणि त्यांची गाडी रोज संध्याकाळी सुखरूप दारात येवो.